तलवार, घोडा आणि बॅट : मेजर पुअर यांचे अष्टपैलू आयुष्य

१८९९ च्या इंग्लिश उन्हाळ्यात एका लष्करी अधिकाऱ्याने पंधरवड्याच्या अवधीत जे करून दाखवले, त्याची नोंद क्रिकेटच्या इतिहासात आजही कौतुकाने केली जाते. सातव्या हुसार्स या घोडदळाच्या पलटणीतील मेजर रॉबर्ट माँटेग्यू पुअर हे त्या अधिकाऱ्याचे नाव. लष्करी पलटणींमधील पोलो स्पर्धा जिंकणाऱ्या संघात ते होते. लंडनच्या शाही नौदल व लष्करी क्रीडा मेळाव्यात घोड्यावर बसून शस्त्रे चालवण्याच्या स्पर्धेत ते सर्वोत्तम ठरले. त्याच सुमारास हॅम्पशायर कौंटीच्या संघाकडून खेळताना त्यांनी लागोपाठ तीन शतके झळकावली. त्या वेळी त्यांचे वय होते ३३ वर्षे.

आजच्या काळात असा पराक्रम संभवत नाही. एका खेळात वरच्या दर्जापर्यंत पोहोचायचे, तर मुलाला आठव्या-नवव्या वर्षी मैदानावर उतरवावे लागते. व्हिक्टोरिया राणीच्या कारकीर्दीत मात्र ब्रिटिश लष्करात असे बहुगुणी खेळाडू अनेक होते. रॉयल इंजिनीअर्सचे हेन्री रेनी-टेल्यूर हे स्कॉटलंडकडून फुटबॉलही खेळले आणि रग्बीही. शिवाय केंट कौंटीकडून क्रिकेट खेळले. त्यांचा जन्म आपल्याकडच्या मसुरीचा. लॉन टेनिस या खेळाचे स्वामित्वहक्क १८७४ मध्ये ज्यांनी मिळवले, ते वॉल्टर विंगफील्डही लष्करात मेजर होते. पुअर हे या परंपरेतील बहुधा सर्वांत झळझळीत नाव. त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे मुंबई इलाख्यात गेली, हा आपल्या दृष्टीने आणखी एक जिव्हाळ्याचा धागा. त्यांचे यश किती त्यांच्या अंगच्या गुणांचे आणि किती त्यांच्या भोवतीच्या व्यवस्थेचे, हे या धाग्याच्या आधारे अधिक स्पष्ट दिसते.

पुस्तकातून शिकलेले क्रिकेट

पुअर यांचा जन्म २० मार्च १८६६ रोजी आयर्लंडमध्ये, डब्लिन येथे झाला. घराणे इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील, लष्करी आणि जमीनदारी वळणाचे. उंची सहा फूट चार इंच, बांधा मजबूत. त्या काळातील बहुतेक नामवंत हौशी फलंदाज ईटन, हॅरो अशा शाळांतून आणि पुढे ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या मैदानांवरून तयार होऊन येत. शाळेतील प्रशिक्षकांनी त्यांच्या बॅटला वळण लावलेले असे. पुअर यांची वाट निराळी होती. हिंदुस्थानात पलटणीबरोबर येईपर्यंत त्यांनी क्रिकेटकडे गांभीर्याने पाहिलेच नव्हते. येथे आल्यावर, वयाच्या पंचविशीच्या आसपास, त्यांनी क्रिकेटवरील पुस्तके मिळवली, त्यांचा बारकाईने अभ्यास केला आणि त्यातील तंत्र लष्करी सामन्यांत घोटून घेतले.

ही हकिकत विस्डेनने त्यांच्या मृत्युलेखात आवर्जून नोंदवली आहे. उपजत देणगीच्या जोरावर सहज खेळणारा साहेब, अशी हौशी खेळाडूची प्रतिमा त्या काळी रूढ होती. सराव करताना दिसणे, घाम गाळणे हे काहीसे कमीपणाचे मानले जाई. पुअर यांचे क्रिकेट या प्रतिमेत बसत नाही. कवायत शिकावी तशी त्यांनी फलंदाजी शिकून घेतली. लांब पल्ल्याचे हात, भक्कम बचाव आणि सरळ, जोरकस ड्राइव्ह ही त्यांच्या खेळाची वैशिष्ट्ये होती.

गव्हर्नरांच्या दरबारी

हिंदुस्थानातील पुअर यांच्या मुक्कामाला कलाटणी मिळाली ती लॉर्ड हॅरिस यांच्यामुळे. हॅरिस हे इंग्लंडच्या क्रिकेट संघाचे माजी कर्णधार. १८९० ते १८९५ या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. पुअर त्यांचे एडीसी, म्हणजे खास तैनातीतील लष्करी अधिकारी झाले. गव्हर्नर हाच क्रिकेटवेडा असल्यावर त्याच्या एडीसीला सामन्यांची वाण ती कसली? मुंबईत आणि पावसाळी मुक्कामी पुण्यात, गणेशखिंडीच्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये, खेळाला राजाश्रय होता. ज्या वास्तूत पुढे पुणे विद्यापीठाचे कामकाज सुरू झाले, तीच ही वास्तू. हॅरिस यांच्याच काळात, १८९२ पासून, युरोपियन आणि पारशी यांच्यातील सामने मुंबई व पुणे येथे दरवर्षी नियमाने होऊ लागले. मुंबई इलाख्याच्या क्रिकेटचा तो पाया ठरला आणि पुढे त्यातूनच तिरंगी, चौरंगी आणि पंचरंगी सामने उभे राहिले. युरोपियन संघातून पुअर या सामन्यांत खेळले. शिवाय पश्चिम हिंदुस्थानचे लॉन टेनिसचे अजिंक्यपद त्यांनी मिळवले. उत्तम नेमबाज आणि लष्करातील अव्वल तलवारबाज म्हणूनही त्यांचे नाव झाले.

हॅरिस यांच्या क्रिकेटप्रेमावर त्या काळीही टीका झाली. ऑगस्ट १८९३ मध्ये मुंबईत हिंदू-मुस्लिम दंगल उसळली, तेव्हा गव्हर्नरसाहेब गणेशखिंडीतच राहिले आणि मुंबईत परतायला त्यांनी फार उशीर केला, असा आक्षेप वृत्तपत्रांनी घेतला. राज्यकर्त्यांचा खेळ आणि रयतेचे जगणे यांच्यातील अंतर या प्रसंगात उघडे पडले.

हे अंतर मैदानावरही दिसे. मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावर १८८० च्या दशकात एक वाद बराच काळ धुमसत होता. तेथे पारशी आणि हिंदू मुले क्रिकेट खेळत. त्याच जागेवर युरोपियन साहेबांचा पोलो चाले आणि घोड्यांच्या टापांनी मैदानाची चाळण होई. साहेबांसाठी लगतच बाँबे जिमखान्याचे राखीव मैदान होते. पण तेथे पोलो खेळला, तर त्यांची स्वतःची हिरवळ खराब होणार! पारशी खेळाडूंनी सरकारकडे अर्ज केले, दाद मागितली. निकाल कधी इकडे लागला, कधी तिकडे. पुअर येथे आले ते हा वाद शमल्यावर. परंतु पोलो आणि क्रिकेट या दोन्ही खेळांत ज्या वर्गाला मोकळे रान होते, त्याच वर्गाचे ते होते.

त्याच पुण्यात, त्याच वर्षांत

पुअर पुण्या-मुंबईत क्रिकेट गिरवत होते, त्याच सुमारास पुण्याच्या युरोपियन क्लबात एक सोळा-सतरा वर्षांचा मुलगा नोकरीला लागला. त्याचे नाव पळवणकर बाळू. जन्म धारवाडचा, चर्मकार समाजातला. खेळपट्टीवर रोलर फिरवणे, सरावाची जाळी उभारणे, प्रसंगी टेनिसचे कोर्ट आखून देणे ही त्याची कामे. पगार महिना चार रुपये. पुढे साहेब लोक त्याला जाळीत गोलंदाजी करायला बोलावू लागले. त्यातही जे. जी. ग्रेग हे लष्करी अधिकारी तासन् तास त्याची डावखुरी फिरकी खेळत. ग्रेग यांची फलंदाजी या सरावावर पोसली गेली आणि पुढे तेही हॅम्पशायरकडून कौंटी क्रिकेट खेळले. बाळूंना मात्र त्या जाळीत हाती बॅट घेऊन सराव करण्याची मुभा नव्हती. फलंदाजी हा साहेबाचा मान, गोलंदाजी हे चाकराचे काम, अशी ती विभागणी होती.

बाळूंनी त्या कष्टाचे चीज केले. हिंदूंच्या संघात त्यांना घ्यावे की नाही यावर पुण्यात वाद झाला. घेतल्यावरही चहा मातीच्या वेगळ्या भांड्यातून, बाहेर दिला जाई. तरी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले.

पुअर आणि बाळू, दोघेही असामान्य खेळाडू. दोघांनीही आपली कला स्वकष्टाने मिळवली. एकाने पुस्तकांतून, दुसऱ्याने साहेबांना हजारो चेंडू टाकून. पण एकाला पाच खेळ खेळण्याची मुभा होती आणि दुसऱ्याला एका खेळाचाही अर्धाच भाग मिळत होता. व्हिक्टोरियन ‘हौशी’ खेळाडूचा मोठेपणा मोजताना हा फरक विसरून चालत नाही.

दक्षिण आफ्रिकेचा कसोटीपटू

हॅरिस यांच्या कारकीर्दीनंतर पुअर दक्षिण आफ्रिकेत दाखल झाले. १८९५-९६ च्या मोसमात लॉर्ड हॉक यांचा इंग्लिश संघ तेथे आला. पाहुण्यांविरुद्ध पुअर यांनी शतके काढली आणि त्यांची निवड थेट दक्षिण आफ्रिकेच्या संघात झाली. एक इंग्रज अधिकारी दक्षिण आफ्रिकेकडून इंग्लंडविरुद्ध खेळला, याचे त्या वेळी कोणाला आश्चर्य वाटले नाही. राष्ट्रीयत्वाचे कडक नियम तेव्हा नव्हते आणि त्या सामन्यांना कसोटीचा दर्जाही पुढे मागाहून मिळाला.

मालिकेची पार्श्वभूमी स्फोटक होती. १८९५ च्या डिसेंबरअखेर ट्रान्सवालचे बोअर सरकार उलथवण्यासाठी डॉ. जेमसन यांनी सशस्त्र घुसखोरी केली आणि ती फसली. ब्रिटिश व बोअर यांच्यातील तणाव त्यामुळे शिगेला पोहोचला होता. मैदानावरचा प्रकारही एकतर्फी झाला. जॉर्ज लोहमन या इंग्लिश गोलंदाजाने यजमानांची दाणादाण उडवली. पोर्ट एलिझाबेथच्या पहिल्या कसोटीत दुसऱ्या डावात त्याने केवळ ७ धावांत ८ बळी घेतले आणि दक्षिण आफ्रिकेचा डाव ३० धावांत आटोपला. तीन कसोटींत लोहमनचे बळी होते ३५. पुअर तिन्ही कसोटी खेळले आणि त्यांच्या खात्यावर ७६ धावा जमा झाल्या. त्यांची कसोटी कारकीर्द एवढीच.

सोनेरी दोन महिने

१८९८ मध्ये पुअर हॅम्पशायरकडून खेळू लागले. त्याच वर्षी त्यांचा विवाह ड्यूक ऑफ हॅमिल्टन यांच्या भगिनी लेडी फ्लोरा यांच्याशी झाला. पुढे १९०१ मध्ये पुअर यांची धाकटी बहीण नीना याच ड्यूकच्या पत्नी झाल्या आणि प्राणिरक्षणाच्या चळवळीत त्यांनी नाव मिळवले. इंग्लंडच्या उच्चभ्रू वर्तुळात पुअर कुटुंबाचे स्थान काय होते, हे यावरून ध्यानात येते.

१८९९ च्या मोसमात पुअर जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंतच क्रिकेट खेळले. पोर्ट्समथ येथे सॉमरसेटविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात १०४ आणि नाबाद ११९ धावा काढल्या. लगेच लँकेशायरविरुद्ध साउदम्पटनला १११. जुलैमध्ये टाँटन येथे पुन्हा सॉमरसेटची गाठ पडली. या सामन्यात पुअर यांनी ३०४ धावांचा डोंगर रचला. सहाव्या गड्यासाठी कॅप्टन एडवर्ड विन्यर्ड यांच्यासह त्यांनी ४११ धावांची भागीदारी केली; त्यात विन्यर्ड यांचा वाटा २२५ धावांच्या खेळीचा. हॅम्पशायरने ७ बाद ६७२ वर डाव घोषित केला.

हे विन्यर्डही पुअर यांच्याच पठडीतले. जन्म सहारनपूरचा, ब्रह्मदेशातील मोहिमेत शौर्याबद्दल डीएसओ हा सन्मान मिळवलेले. १८८१ च्या एफए कप फुटबॉलच्या अंतिम सामन्यात ओल्ड कार्थुझियन्स संघाकडून त्यांनी गोल केला होता, तर १८९४ मध्ये डाव्होसच्या बर्फावर घसरगाडीच्या शर्यतीत युरोपचे विजेतेपद मिळवले होते. दोन लष्करी अधिकारी एका बाजूने सॉमरसेटच्या गोलंदाजांना दिवसभर झोडपत आहेत, हे दृश्य व्हिक्टोरियन इंग्लंडचे एक प्रातिनिधिक चित्रच म्हणावे लागेल.

मोसम संपला तेव्हा पुअर यांच्या नावावर सात शतकांसह १,५५१ धावा होत्या आणि सरासरी होती ९१.२३. डब्ल्यू. जी. ग्रेस आणि रणजी यांच्या त्या जमान्यात, ओबडधोबड खेळपट्ट्यांवर, ही सरासरी थक्क करणारी होती. इंग्लंडच्या मोसमात तिच्या पुढे जायला १९३० साल आणि डॉन ब्रॅडमन यावे लागले. ब्रॅडमनची सरासरी होती ९८.६६.

फावल्या वेळाचे अर्थशास्त्र

असे यश शक्य झाले कशामुळे? पुअर यांची शरीरयष्टी, नजर आणि शिस्त यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यामागे एक आर्थिक-सामाजिक रचनाही उभी होती.

शांततेच्या काळात घोडदळाच्या अधिकाऱ्याला कवायतीपलीकडे फार काम नसे आणि रजा भरपूर मिळे. पगारात मेसचा खर्चही भागत नसे. घरची मिळकत असल्याखेरीज हुसार्ससारख्या पलटणीत टिकणे अवघड होते. म्हणजेच तेथे पोहोचणारा मनुष्य मुळात सुखवस्तू असे. घोडे होते, त्यांची देखभाल करणारे मोतद्दार होते. पोलो आणि शिकार यांकडे करमणूक म्हणून पाहिले जातच असे, त्याबरोबर घोडेस्वारीचे लष्करी शिक्षण म्हणूनही वरिष्ठ त्यांना उत्तेजन देत. पोलो तर हिंदुस्थानकडूनच साहेबांनी उचलला. मणिपुरी खेळाडूंकडून चहामळेवाले व लष्करी अधिकारी तो शिकले आणि तेथून तो इंग्लंडला गेला.

कौंटी क्रिकेटमध्ये हौशी आणि व्यावसायिक ही विभागणी काटेकोर होती. एकाच संघातील या दोन वर्गांच्या कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या असत. अनेक ठिकाणी मैदानात उतरण्याची दारेही वेगळी. धावफलकाच्या कागदावर हौशी खेळाडूच्या नावामागे मानाची उपाधी लागे, व्यावसायिकाचे नुसते आडनाव. दिवसभर गोलंदाजी करण्याचे कष्ट प्रामुख्याने व्यावसायिकांच्या वाट्याला येत. इंग्लंडमध्ये ही विभागणी वर्गाची होती. पुण्याच्या जाळीत तिच्यावर वंशाचा आणि जातीचा थर चढला होता. इंग्लिश क्रिकेटने हा भेद अधिकृतपणे मोडीत काढला तो १९६२ च्या अखेरीस.

मैदान आणि रणांगण

खेळाच्या मैदानावर माणूस सचोटी शिकतो आणि तीच सचोटी रणांगणावर दाखवतो, ही व्हिक्टोरियन इंग्लंडची श्रद्धा होती. हेन्री न्यूबोल्ट यांची ‘व्हिताई लँपाडा’ ही शाळेतील क्रिकेट सामन्याची युद्धाशी सांगड घालणारी कविता याच दशकातली. पुअर यांना या श्रद्धेच्या कसोटीला लवकरच सामोरे जावे लागले.

टाँटनच्या त्रिशतकानंतर तीन महिन्यांच्या आत, ऑक्टोबर १८९९ मध्ये, बोअर युद्ध पेटले. पुअर दक्षिण आफ्रिकेत परतले ते लष्करी पोलिसांचे प्रमुख, म्हणजे प्रोव्होस्ट मार्शल म्हणून. कैदी, गुन्हेगार सैनिक आणि लष्करी शिक्षांची अंमलबजावणी हा त्या पदाचा कारभार. युद्धातील सेवेबद्दल त्यांना डीएसओ मिळाले. परंतु या युद्धाचे स्वरूप झपाट्याने बदलत गेले. बोअरांनी गनिमी कावा पत्करला. लॉर्ड किचनर यांनी त्याला उत्तर म्हणून शेतवाड्या जाळल्या आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत २६ हजारांहून अधिक बोअर स्त्रिया व मुले रोगराईने आणि उपासमारीने मेली. कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या छावण्यांतही हजारो बळी गेले. यात खिलाडूवृत्तीला जागा कोठे होती?

पुअर या काळात डायरी लिहीत. तिच्यातील नोंदी पुढे एका गाजलेल्या प्रकरणात महत्त्वाच्या ठरल्या. बुशवेल्ड कार्बिनियर्स या अनियमित दलातील हॅरी ‘ब्रेकर’ मोरँट आणि पीटर हँडकॉक या अधिकाऱ्यांवर बोअर कैद्यांना ठार केल्याचा आरोप सिद्ध होऊन २७ फेब्रुवारी १९०२ रोजी प्रिटोरियात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. कैदी जिवंत ठेवू नयेत असा वरून हुकूम होता, असा त्यांचा बचाव होता. ऑस्ट्रेलियात या प्रकरणाचा वाद अजून शमलेला नाही. १९८० मध्ये ब्रूस बेरेसफर्ड यांनी त्यावर गाजलेला चित्रपट काढला. मोरँटचे समर्थक पुअर यांच्या डायरीतील डिसेंबर १९०० ची एक नोंद पुढे करतात. ब्रिटिश गणवेश चढवलेल्या बोअरांविषयी किचनर यांनी कठोर हुकूम काढल्याचे तीत म्हटले आहे. मात्र पकडलेल्यांचा जागेवर का होईना, न्यायनिवाडा करावा, असा त्या हुकुमाचा आशय तीत दिला आहे, याकडे दुसरा पक्ष लक्ष वेधतो. माफीची मागणी ब्रिटिश सरकारने २०१० मध्ये फेटाळली.

चेंडू-फळीच्या नोंदींत अजरामर झालेल्या माणसाचा हस्ताक्षरातील पुरावा युद्धगुन्ह्यांच्या चर्चेत वाचला जावा, हा विलक्षण योगायोग आहे. त्या शिस्तप्रिय अधिकाऱ्याने डोळ्यांसमोर घडले ते लिहून ठेवले. मैदानावरचे नियम युद्धात आपोआप उतरत नाहीत, हे त्या टिपणांतून त्यांच्या नकळत नोंदले गेले.

डाव संपला

बोअर युद्धानंतर पुअर अधूनमधून हॅम्पशायरकडून खेळले; १९०६ हा त्यांचा कौंटीतील अखेरचा मोसम. प्रथम दर्जाच्या क्रिकेटमध्ये ११ शतके आणि ३८.६६ ची सरासरी, हा त्यांचा एकूण हिशेब. लष्करी नोकरीने त्यांना पुन्हा हिंदुस्थानात आणले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ते येथे ब्रिगेडचे प्रमुख होते आणि ब्रिगेडियर जनरल या हुद्द्यापर्यंत पोहोचले. सरकारने त्यांना सीआयई हा किताब दिला.

उत्तर आयुष्य त्यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, बोर्नमथ परिसरात काढले. हॅम्पशायरसाठी त्यांची ३०४ ही सर्वोच्च खेळी ३८ वर्षे अबाधित राहिली. १९३७ च्या जुलैमध्ये डिक मूर याने ३१६ धावा काढून तो विक्रम मोडला, तोही बोर्नमथच्याच मैदानावर. त्यानंतर वर्षभरात, १४ जुलै १९३८ रोजी, पुअर यांचे निधन झाले.

पुअर यांच्यासारखा सर्व खेळांत पारंगत अधिकारी त्यानंतर क्वचितच निपजला. दोन महायुद्धांनी घोडदळ संपवले, साम्राज्य ओसरले आणि खेळ हा पोटापाण्याचा व्यवसाय झाला. ते निवांत जग संपल्याची हळहळ जुन्या क्रिकेटप्रेमींना वाटते आणि १८९९ चे आकडे पाहिले की ती समजूनही येते. त्या आकड्यांमागे पुअर यांचे स्वतःचे कष्ट होते, यात शंका नाही. त्याबरोबरच, कोणीतरी घोड्याला खरारा केलेला होता, कोणीतरी खेळपट्टीवर रोलर फिरवलेला होता आणि कोणीतरी भर उन्हात टेनिसचे कोर्ट आखलेले होते. विस्डेनच्या पानांत त्यांच्यासाठी रकाना नव्हता. त्यांच्यातल्याच एकाने, पळवणकर बाळूंनी, पुढे स्वतःच्या बळींच्या जोरावर इतिहासात आपली जागा मिळवली.